डायपर, कापडी डायपर की लंगोटाचं कापड? आणि त्याच बजेटमधला किराणा

सहा महिन्यांच्या बाळाला दिवसाला सहा डायपर धरले, तरी महिन्याचे १८० होतात. एम साइजचा एक डायपर सध्या कंपनी आणि पाकिटाच्या आकारानुसार साधारण ९ ते १४ रुपयांना पडतो. मधला ११चा भाव धरला तर महिन्याला १,९८० रुपये. चार माणसांच्या घरात गहू, तांदूळ आणि तूरडाळ मिळून जेवढे पैसे जातात, त्याहून हा आकडा बहुतेक वेळा मोठा असतो. त्यामुळे किराण्याच्या यादीत पाच-दहा रुपये वाचवण्याआधी डायपरचा निर्णय घ्यावा, असं माझं मत आहे. हा एक निर्णय नीट झाला की यादीतल्या बऱ्याच गोष्टींवरचा ताण आपोआप कमी होतो.

पर्याय तीन आहेत. एक, वापरून टाकायचे डायपर. दोन, बटणांचे कापडी डायपर, म्हणजे बाहेरून पाणी न झिरपणारं आवरण आणि आत घालायचा जाड पॅड. तीन, लंगोटासाठी वापरतात तसं साधं एकपदरी सुती कापड, घडी घालून त्याच आवरणात ठेवलेलं. तिन्ही आमच्याकडे वापरून झाले आहेत. निवड करताना लोक किंमत आणि बाळाची त्वचा या दोन गोष्टी बघतात, ते योग्यच आहे. पण आमचा निर्णय झाला तो वाळवण्यावर.

आधी वापरून टाकायच्या डायपरबद्दल. त्यांची शोषण्याची ताकद कापडाला गाठता येत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करावं. आतली भुकटी, म्हणजे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट, ओली झाली की जेल होते आणि दाब पडला तरी पाणी सहजासहजी सोडत नाही. रात्रीची झोप, लांबचा प्रवास, दवाखान्यातली रांग, पाळणाघर अशा ठिकाणी दुसरा पर्याय सुचवायला मला संकोच वाटतो. बरीच पाळणाघरं कापड स्वीकारतच नाहीत.

हे विकत घेताना पैसे तीन ठिकाणी जातात. पहिलं ठिकाण साइज. मोठ्या साइजच्या पाकिटात त्याच किमतीत नग कमी येतात, म्हणून विनाकारण पुढच्या साइजवर जाऊ नये. मांडीवर लाल वळ उमटायला लागले किंवा रोज पाठीकडून गळायला लागलं की मगच बदलावी. उलट बाजूने, बाळ साइजच्या वरच्या वजनाजवळ आलं असेल तर सवलतीतही मोठा खोका घेऊ नये. बाळाचं वजन पाचव्या महिन्याच्या आसपास जन्माच्या दुप्पट होतं, त्यामुळे नवजात साइजचं एकाहून अधिक पाकीट घरात ठेवण्यात अर्थ नसतो. दुसरं ठिकाण दर. पाकिटावर एमआरपीशेजारी यूएसपी म्हणून एका नगाचा दर छापलेला असतो, तुलना त्याचीच करावी. ‘अमुक टक्के सूट’ या पट्टीची नव्हे. २२ सप्टेंबर २०२५ पासून डायपरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, म्हणून जुन्या भावाचं पाकीट कोणी देत असेल तर तारीख बघून घ्यावी. तिसरं ठिकाण म्हणजे बाजारात किलोवर किंवा सुटे मिळणारे डायपर. त्यातला बराचसा माल कारखान्यात बाजूला काढलेला असतो. कधी चिकटपट्टी धरत नाही, कधी जेल एकाच टोकाला गोळा झालेलं असतं. घ्यायचेच असतील तर आधी पाचच घ्यावेत, त्यात अर्धा पेला पाणी ओतून हाताने दाबून बघावं.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. पैसे वाचवण्यासाठी एकच डायपर सहा-सात तास ठेवणं ही बचत नाही. दिवसा तीन तासांच्या आसपास आणि शी झाल्यावर लगेच बदललाच पाहिजे. त्वचा ओली राहून सोलवटली की झिंक ऑक्साइडचं मलम येतं. जांघेच्या घडीत लालभडक चट्टा आणि भोवती बारीक पुरळ दिसली तर बहुधा बुरशी असते, मग डॉक्टरांची फी आणि वेगळं औषध. वाचवलेले दोन डायपर त्यात कुठल्या कुठे जातात, आणि बाळाचे हाल होतात ते वेगळेच.

बटणांच्या कापडी डायपरची कल्पना सुरेख आहे. समोरच्या बटणांच्या ओळींमुळे एकच डायपर साधारण पाच किलोंपासून चौदा-पंधरा किलोंपर्यंत चालतो. बाहेरचं कापड पीयूएल म्हणतात ते, पॉलिएस्टरवर पाणी अडवणारा पातळ थर दिलेलं. आतला पॅड सुती, बांबूचा किंवा मायक्रोफायबरचा. पूर्ण वेळ वापरायचे तर १८ ते २० लागतात. सरासरी ४५० रुपयांनी वीस घेतले तर ९,००० आणि दहा जादा पॅडचे दीड हजार, म्हणजे एकरकमी साडेदहा हजार. धुण्याचा खर्च धरून हे पैसे सहा-सात महिन्यांत वसूल होतात, पुढचं वर्ष-दीड वर्ष फायद्यात, आणि दुसऱ्या बाळालाही वापरता येतात. तेव्हा हा पर्याय वाईट आहे असं कोणी म्हणू नये.

यात चुकतं ते बहुतेक पहिल्या आठवड्यात. सुती आणि बांबूच्या पॅडमध्ये कापडाचं मूळ तेल आणि खळ असते, त्यामुळे चार-पाच धुण्यांशिवाय ते पाणी नीट ओढत नाहीत. नवा पॅड लगेच वापरला, गळलं, आणि डायपर कपाटात गेला, असं बऱ्याच घरांत होतं. मायक्रोफायबरचा पॅड थेट अंगाला लावू नये, तो त्वचेतला ओलावाही ओढून घेतो. त्याला खिशाच्या आतच ठेवायचं. शिवाय हा पॅड दाबला की स्पंजासारखं पाणी सोडतो. बाळ कडेवर बसलं की मांडीतून गळतं ते म्हणूनच.

आता वाळवण्याविषयी, कारण माझ्या दृष्टीने सगळं प्रकरण इथे येऊन थांबतं.

मार्चमध्ये गच्चीवरच्या उन्हात कुठलाही पॅड तीन-चार तासांत कडकडीत होतो. त्यामुळे उन्हाळ्यात खरेदी केलेल्यांना तिन्ही पर्याय सारखेच वाटतात. खरा प्रश्न जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उभा राहतो. मुंबई, ठाणे, कोकण, घाटमाथा, गोवा या पट्ट्यात हवाच इतकी ओली असते की चार-पाच पदर एकत्र शिवलेला सुती किंवा बांबूचा पॅड पंख्याखालीही दीड दिवस घेतो, झड लागली तर दोन. वरचे पदर हाताला कोरडे लागतात, पण मधला थर दमट राहतो. तो तसाच घडी करून ठेवला की दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो, चार दिवसांत शिवणीच्या कडेने काळे ठिपके पडतात, आणि ते ठिपके सहजासहजी जात नाहीत. दमट पॅड बाळाला बांधणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. मायक्रोफायबर लवकर वाळतो, रात्रभरात होतो, पण त्याची गळण्याची खोड वर सांगितलीच.

यात पैशांचा भाग असा आहे. दिवसाला आठ बदल असतील आणि पॅड अर्ध्या दिवसात वाळत असेल, तर वीस पुरतात. तोच पॅड दोन दिवस घेत असेल, तर वापरात आठ, धुण्यात आठ, आणि दोरीवर सोळा असतात. म्हणजे बत्तीस लागतात. वाळण्याचा वेळ वाढला की नगांची संख्या वाढते, आणि साडेदहा हजारांचा हिशेब बारा-तेरा हजारांवर जातो. नाहीतर पावसाळ्याचे चार महिने तुम्ही परत दुकानातल्या डायपरवर येता आणि दोन्हीकडे पैसे घालता.

एकपदरी कापडाला ही अडचण नाही, कारण घडी मोडली की ते पुन्हा एक पदराचंच असतं. सत्तर सेंमीचा सुती चौकोन पिळून, झटकून, पंख्याखाली मोकळा टाकला तर भर जुलैमध्ये आमच्याकडे चार-पाच तासांत वाळतो. घाई असली तर इस्त्री फिरवता येते; पीयूएलवर ती अजिबात चालत नाही. बाळाला लावताना तेच कापड घडीने बारा पदरी होतं, म्हणजे शोषण जाड पॅडच्या तोडीचं आणि वाळणं रुमालासारखं. पूर्वी आपल्याकडे लंगोट आणि दुपटी जुन्या धोतरांची, जुन्या सुती लुगड्यांची करायचे, त्यामागे मऊपणाइतकंच हेही कारण असावं. जुन्या लंगोटाची उणीव एवढीच होती की तो ओलं बाहेर येऊ द्यायचा, दर तासाला दुपटं आणि गादीही भिजायची. आवरणाने ती उणीव गेली.

त्यासाठी काय घ्यायचं ते नेमकं सांगतो. विरळ विणीचं, मऊ, पांढरं किंवा न रंगवलेलं सुती कापड, छत्तीस इंची पन्ह्याचं, १८ मीटर. मलमल फार पातळ असेल तर दुहेरी विणीची बघावी. मांजरपाट सुरुवातीला टोचतो आणि खळ निघायला बरीच धुणी लागतात, म्हणून मी तो घेणार नाही. कापड आधी गरम पाण्यात धुऊन आटवून घ्यावं आणि मगच कापावं. सुती कापड लांबीत जास्त आटतं, त्यामुळे आधी कापलेला चौकोन नंतर आयत होतो आणि घडी बसत नाही. सत्तर सेंमीचे २४ चौकोन निघतात. पन्ह्याची जी पंधरा-सतरा सेंमीची पट्टी उरते, ती टाकू नका, तिचं काम पुढे आहे. चौकोनांच्या कडांना साडीच्या पिकोवाल्याकडून पिको करून घ्यावा. दुमडून शिवलेली कड जाड होते आणि तिथेच ओल राहते. मीटरला ८० रुपये धरले तर कापड १,४४०, पिको नगाला १० प्रमाणे २४०, आणि पीयूएलची नुसती आवरणं पाच, प्रत्येकी ३०० प्रमाणे १,५००. एकूण ३,१८०. घरात जुन्या सुती साड्या किंवा मऊ पडलेल्या चादरी असतील तर कापडाचा खर्च जवळपास संपतोच, फक्त साडीत पॉलिएस्टरचं मिश्रण नाही हे बघावं. एक दोरा जाळून पाहिला की कळतं. सुताची राख होते, पॉलिएस्टरचा गोळा होतो.

घडी अशी. चौकोन मधोमध दुमडला की ३५ बाय ७०चा आयत होतो. लांबीच्या रेषेत त्याच्या तीन घड्या केल्या की बारा सेंमी रुंदीची पट्टी. ती पुन्हा लांबीत अर्धी केली की १२ बाय ३५ची बारा पदरी घडी तयार. ती आवरणात ठेवायची आणि आवरण बंद करायचं. पिन नको, नाडी नको. मुलगा असेल तर पुढचं टोक तीन बोटं आणखी दुमडून घ्यावं, मुलगी असेल तर जाडी मधे यावी. आवरणाची रबरी कड जांघेच्या घडीत नीट बसली पाहिजे आणि घडीचा एकही कोपरा आवरणाबाहेर डोकावता कामा नये. बहुतेक गळती त्या कोपऱ्यातूनच होते, कारण कापड वातीसारखं ओल बाहेर ओढतं. पहिले दोन महिने सत्तर सेंमीची घडी बाळाला बोजड होते; त्यासाठी जुन्या कापडाचे पन्नास सेंमीचे डझनभर चौकोन वेगळे करावेत. दुपारच्या लांब झोपेसाठी घडीच्या मधे जुन्या पंचाचा अर्धा तुकडा घालावा. पंचा विरळ असल्याने भरपूर पितो आणि तोही लगेच वाळतो.

आवरण प्रत्येक वेळी धुवावं लागत नाही. नुसतं ओलसर असेल तर पुसून दोरीवर टाकायचं आणि दुसरं वापरायचं. शी लागली तरच धुवायचं. पाच आवरणं पुरतात ती यामुळे.

धुण्याची पद्धत तिन्हींपैकी दोन पर्यायांना सारखीच लागू आहे. ओला लंगोट लगेच साध्या पाण्यातून काढून, पिळून, कोरड्या बादलीत टाकावा. पाण्यात दिवसभर भिजत ठेवला की वास वाढतो, शिवाय रांगतं बाळ असलेल्या घरात भरलेली बादली नकोच. अंगावरच्या दुधाची शी पाण्यात विरघळते. वरचं अन्न सुरू झालं की ती आधी संडासात झटकून टाकावी लागते. एक दिवसाआड मशीन लावायचं, नेहमीच्या कपड्यांइतकीच पावडर घालायची आणि शेवटी जादा एक खळबळ. पावडर फार कमी घातली तर काही दिवसांनी सू झाल्याबरोबर अमोनियाचा झणका येतो. फार घातली तर ती कापडात राहून त्वचेला लागते. कपडे मऊ करणारं द्रव कधीच घालू नये, ते धाग्यावर मेणासारखा थर देतं आणि कापड पाणी ओढायचं थांबतं. बाळाला मालिश करून तेलकट अंगावर लगेच लंगोट घातला तरी हेच होतं. बोअरचं जड पाणी असेल तर साबणाच्या वडीचा साका कापडात बसतो आणि लंगोट पापडासारखा कडक होतो. तिथे पावडरच वापरावी, बादलीला एक छोटा चमचा धुण्याचा सोडा घालावा, आणि नीट खळबळावं. महिन्यातून एकदा नुसती सुती कापडं उकळून काढली तरी चालतात. आवरणांना मात्र उकळतं पाणी नको, त्यांचा थर सुटतो. जुन्या घरांत शेगडीवर टोपली पालथी घालून दुपटी शेकतात, तीही उब आवरणांच्या जवळपास नको, आणि बाळाच्या खोलीत धूर तर नकोच.

रात्री मात्र मी कापडाचा आग्रह धरत नाही. दहा तासांच्या झोपेसाठी एक विकतचा डायपर, आणि महिन्यात पाच-सहा वेळा बाहेर जाण्यासाठी. असे ३६ नग, ११ रुपयांनी सुमारे ४०० रुपये. धुण्याची पावडर, वीज आणि पाणी मिळून वीस रुपये एका खेपेला धरले तर पंधरा खेपांचे ३००. म्हणजे १,९८०च्या जागी ७००. पहिल्या खरेदीचे पैसे अडीच महिन्यांत सुटतात.

ती उरलेली पट्टी आता काढा. डायपरच्या जोडीला ओल्या वाइप्सचा खर्च बहुतेक जण मोजतच नाहीत. सहा बदल, दर वेळी दोन वाइप्स, महिन्याला ३६०. बहात्तरच्या पाकिटाला ११० रुपये धरले तर पाच पाकिटांचे ५५०, म्हणजे एका गॅस सिलिंडरच्या अर्ध्याहून जास्त. त्या पट्टीचे पंधरा बाय वीसचे तुकडे केले की ऐंशीच्या वर निघतात. साध्या कोमट पाण्यात बुडवून, पिळून पुसायचं आणि लंगोटाबरोबरच धुवायचं. बाळाच्या त्वचेला याहून वेगळं काही लागत नाही. वाइप्सचं एक पाकीट पिशवीत बाहेरसाठी असावं, तेवढंच.

कोणी हा पर्याय घेऊ नये तेही सांगतो. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे घरात मशीन नाही, मदतीला कोणी नाही आणि धुणं आईलाच वाकून करावं लागणार असेल, सिझेरियन झालं असेल तर विशेषच, तेव्हा खर्च सोसून विकतचे डायपर घ्यावेत. बाईच्या पाठीची किंमत १,९८०पेक्षा जास्त आहे. धुण्याला येणाऱ्या मावशींवर हे काम न विचारता टाकू नये. विचारून, पैसे ठरवून द्यावेत, आणि ते हिशेबात धरावेत. जालना, लातूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत नळाला काही दिवसांआड पाणी येतं. टँकरच्या पाण्यावर लंगोट धुणं परवडत नाही, तिथे निदान उन्हाळ्याचे महिने डायपरच बरे. वापरलेला डायपर कागदात गुंडाळून वेगळा द्यावा. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या सांगण्यावरून त्यावर लाल ठिपका करतात, म्हणजे हाताने कचरा वेगळा करणाऱ्या माणसाला आत काय आहे ते कळतं. दुसऱ्या गावातही ही सवय लावून घ्यायला हरकत नाही.

आता किराणा. इथेही तीन दारं आहेत: कोपऱ्यावरचा वाणी, महिन्यातून एकदा मोठं सुपरमार्केट, आणि दहा मिनिटांत सामान आणणारं ॲप. नगाच्या भावात सुपरमार्केट बहुधा जिंकतं, तेलाच्या पिशव्या आणि साबण-पावडरीत तर नक्कीच. ॲप भावात फार मागे नसतं. तरीही ॲपच्या विरुद्ध माझं मत गेलं ते डायपरमुळेच. डायपर रात्री साडेदहाला संपतो, ॲप उघडावं लागतं, डिलिव्हरीचा आकार वाचवायला आणखी शंभर-दीडशेचं सामान घेतलं जातं, आणि ते बिस्किटं, चिप्स किंवा फ्रोझन काहीतरी असतं. महिन्यात असं चारदा झालं की पाचशे गेले. घरात दहा डायपर उरले की यादीवर ‘डायपर’ लिहायचं, एवढा नियम पाळला तरी ही गळती थांबते. लंगोट वापरणाऱ्या घरात ती वेळच क्वचित येते.

गहू दळून आणण्यात मोठी बचत आहे असं सर्रास सांगतात. हिशेब करून बघा. महिन्याला १२ किलो गहू, ३८ रुपयांनी ४५६, दळणावळ किलोला ६ प्रमाणे ७२, मिळून ५२८. तयार आटा ४८ रुपयांनी ५७६. फरक पन्नासेक रुपयांचा, आणि सुपरमार्केटमध्ये आट्यावर सूट असली तर तोही नाही. दळलेलं पीठ ताजं, कोंड्यासकट, आपल्या गिरणीचं असतं, पोळी मऊ होते, म्हणून मी गहूच घेतो. पण यातून डायपरचा खर्च भरून निघेल अशी आशा ठेवू नये. दळण मात्र पाच-सहा किलोंचंच आणावं, पावसाळ्यात पीठ तीन आठवड्यांनंतर कडसर लागतं आणि जाळी धरतं.

कट्टा घ्यायचा असेल तर २५ किलोंपेक्षा जास्त वजनाचा घ्यावा. जुलै २०२२ पासून २५ किलोंपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठ्या पोत्यावर किंवा सुट्यावर नाही. २६ किलोंच्या तांदळाच्या पिशव्या दिसतात त्या यासाठीच. वर्षाचं धान्य एप्रिल-मे महिन्यात भरण्याची आपली रीत चांगली आहे, नवा गहू तेव्हा स्वस्तही असतो. पण बाळाच्या पहिल्या वर्षी एकदम सात-आठ हजार अडकवणं जड जातं. तीन महिन्यांचा कट्टा हा मला मधला मार्ग वाटतो. उन्हं दाखवून, पूर्ण गार करून मगच डब्यात भरावा. गरम धान्य भरलं की डब्याला आतून घाम येतो आणि किडे लवकर पडतात. तूरडाळीला किलोला अर्धा चमचा एरंडेल चोळावं, गव्हात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा. धान्यात पाऱ्याच्या टिकड्या किंवा बोरिक पावडर घालण्याची सवय असेल तर रांगतं बाळ असेपर्यंत ती सोडा. आणि सल्फासची गोळी घरातल्या धान्यात कधीच, कोणत्याही कारणाने नको. तिच्यातून निघणारा वायू बंद खोलीत जीव घेतो.

खरे पैसे वाचतात ते सहाव्या महिन्यानंतर, बाळाच्या तयार खाण्याच्या डब्यात. ३०० ग्रॅमचा डबा दोनशेच्या पुढे जातो आणि दहा दिवसही पुरत नाही. नाचणी किलोला साठेक रुपये. ती रात्रभर भिजवून, पाणी काढून सुती कापडात बांधून दीड दिवस मोड आणायचे, सावलीत खडखडीत वाळवायची, मंद आचेवर जरा परतून बारीक दळायची आणि मलमलच्या कापडातून चाळायची. किलोतून पाऊण किलोच्या आसपास सत्त्व निघतं. पावसाळ्यात मोडांना वास येतो, म्हणून मे महिन्यात दोन किलोंचं करून काचेच्या बरणीत ठेवावं. पहिल्यांदा एक चमचा सत्त्व अर्ध्या वाटी पाण्यात, सतत ढवळत सात-आठ मिनिटं शिजवायचं. मीठ वर्षापर्यंत नको, आणि साखर दोन वर्षांपर्यंत नको.

शेवटी दोन कामं, ज्यांना एक दिवस लागतो आणि पैसे लागत नाहीत. प्राधान्य कुटुंबाचं रेशनकार्ड असेल तर जन्मदाखला मिळाल्याबरोबर बाळाचं नाव चढवण्याचा अर्ज करा. धान्य माणशी ५ किलो मिळतं आणि बाळही एक माणूस मोजलं जातं, इष्टांक, म्हणजे लाभार्थींची ठरवून दिलेली संख्या, शिल्लक असेल तर. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. आणि जवळच्या अंगणवाडीत नाव नोंदवा. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाला आणि स्तनदा मातेला घरी नेण्याचा आहार तिथून मिळतो. सेविकाताईंना वाटपाचा दिवस विचारून तो कॅलेंडरवर लिहून ठेवा; त्या आठवड्याची बाळाच्या खाण्याची खरेदी त्या दिवसानंतरच करा.